न्हाला माझा कारभारी

"घागर पालथी, हंडा पालथा दारी, न्हाला माझा कारभारी..." इथवर आलं की वाडीची सुईण मनुआय थांबायची. ओवी पुरी व्हायला एवढासा तुकडा उरलेला असायचा, पाच-सहा अक्षरांचा, आणि तेवढाच ती द्यायची नाही. सहा-सात वर्षांचा इनास, तिचा कारभारी, तिच्या मांडीवर डोकं टाकून पडलेला असायचा. त्याच्या टाळूवर तिचा खरखरीत तळवा, सुकटीचा वास येणारा, गोल गोल फिरत राहायचा. तो म्हणायचा, "पुढं?" ती म्हणायची, "पुडचं तू मोटा झाल्यावं." "किती मोठा?" "माडायेवडा." मग तो उठून चर्चच्या भिंतीलगतच्या ठेंगण्या माडाशी उंची जुळवायला पळायचा. तो माड एवढा ठेंगणा की उभ्या माणसाचा हात नारळाला लागावा. तिथून तो ओरडून सांगायचा, की मी याच्या कमरेला आलो, आणि मनुआय हसत म्हणायची, "ह्यो न्हाय रं. ह्या माडाचं नाव नको काडूस. दुसरा बग."

हा आवाज त्याला पंचेचाळीस वर्षांनी ऐकू आला तो मुंबईत, सेमिनरीच्या वरच्या मजल्यावरच्या वर्गात, सकाळी अकराच्या सुमाराला, हातात खडू असताना. खाली रस्त्यावर ट्राम घंटा देत वळत होती. समोर पाद्री होऊ घातलेले एकवीस तरुण बसले होते आणि त्यांच्या बसण्यात आज जरा जास्तच अदब होती. कारण नऊच दिवसांपूर्वी रोमहून पत्र आलं होतं आणि फादर इनास वेगस आता घाटावरच्या नव्या धर्मप्रांताचा बिशप होणार होता. रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या, किल्ल्याखालच्या वाडीतला, जाळी विणणाऱ्याचा मुलगा. त्या किनाऱ्यावरचा पहिला. वर्गात विषय रोजचाच होता, अकरा वर्षं शिकवलेला: बाप्तिस्म्याला पाणी कोणतं चालतं. विहिरीचं चालतं, नदीचं, पावसाचं, समुद्राचं, गढूळ असलं तरी चालतं. दूध चालत नाही, दारू नाही, तेल नाही, उसाचा रस नाही. तिथं शब्द कितीही बिनचूक म्हणा, काही होत नाही, माणूस होता तसाच राहतो. तेव्हा वसईचा पास्कू मागच्या बाकावरून म्हणाला, "फादर, आणि शहाळ्याचं?" वर्ग हसला. तोही हसला. "नाही बाबा पास्कू. शहाळं तू पी, कुणाच्या डोक्यावर ओतू नकोस." वर्ग पुन्हा हसला, आणि त्या दुसऱ्या हसण्याच्या मधोमध त्याची टाळू गार पडली. कुणी वरून बोट टेकवल्यासारखी, एवढीशी जागा. घागर पालथी. हंडा पालथा. मग न्हाला कशानं?

चर्चच्या जुन्या वहीत त्याच्या नावापुढं काय लिहिलंय ते त्याला पाठ होतं. पोर जन्मताच मरायला टेकलं म्हणून सुईण मनुबाई, हिंदू, हिनं पाणी घातलं आणि शब्द म्हटले. उरलेले विधी महिन्याभरानं चर्चमध्ये झाले. पाणी पुन्हा घातलं नाही, कारण एकदा घातलेलं पुरतं. यात वावगं काही नव्हतं. जीव जायची वेळ आली तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ख्रिस्ती असो नसो. पाणी खरं हवं, शब्द खरे हवेत, मन खरं हवं. म्हातारे पाद्रीबाबा वाडीवाडीतल्या सुइणींना एवढं शिकवूनच ठेवायचे. उलट वेगस आपल्या विद्यार्थ्यांना मोठ्या ऐटीत सांगायचा, की मला एका आगऱ्याच्या बाईनं ख्रिस्ती केलं, तुमच्यातल्या कुणाला आहे हा मान? अठरा वर्षांचा असताना सिलोनात कँडीच्या सेमिनरीत गेला तेव्हा ही गोष्ट सोबत होती. वयाच्या सव्विसाव्या वर्षी पाद्री झाला तेव्हा, घाटाखालच्या रेल्वे वस्तीत पहिलं चर्च मिळालं तेव्हा, मानमोडीच्या तापाच्या साथीत मरणाऱ्यांना लावायच्या तेलाची डबी घेऊन भायखळ्याच्या चाळींतून जिने चढला-उतरला तेव्हा, प्रत्येक वेळी. आणि आता ती गोष्ट एका पोराच्या थट्टेनं तळाशी भेगाळली होती. पाणी नव्हतं, तर बाप्तिस्मा नव्हता. बाप्तिस्मा नव्हता, तर पाद्रीपण नव्हतं. ज्या घराला जोतंच नाही त्याला माडी कशी चढवणार? वेदीवर केलेल्या सव्वीस वर्षांच्या पूजा, मिस्सा, म्हणजे भाकरीच्या चकत्या नि द्राक्षाची दारू. कानाशी कुजबुजलेली हजारो पापं, त्यांना दिलेली क्षमा, नुसती हवा. आणि तीन आठवड्यांनी, पंचवीस फेब्रुवारीला, तीन बिशप मिळून त्याच्या याच टाळूवर पवित्र तेल ओतणार होते. तेही कोरड्या दगडावर. मग तो ज्यांना पाद्री करील ते पाद्री नव्हेत, ते ज्यांना क्षमा करतील त्यांना क्षमा नाही. एका पालथ्या घागरीतून केवढा हा ओघ, आणि सगळा कोरडा.

त्यानं खडू ठेवला आणि वर्ग दहा मिनिटं आधी सोडला. खोलीत जाऊन दार लावलं आणि आरशात पाहिलं तर चेहरा हसरा. हे काय, असं त्याला वाटलं. भीती होती, पण तिच्याभोवती दुसरंच काही उसळत होतं, लहानपणी भरतीच्या पहिल्या लाटेला अंगावर घ्यायला किनाऱ्यावर उभं राहिल्यावर तळव्यांखालची वाळू सरकायची तसलं. सेमिनरीच्या प्रमुखांना, रेक्टरसाहेबांना, म्हणाला, वाडीला जाऊन येतो, म्हाताऱ्या माणसांचा आशीर्वाद घेतो. रेक्टर स्पेनचे, सावध. म्हणाले, जा, पण सर्दी लावून घेऊ नका, तुमचं डोकं आता चर्चच्या मालकीचं आहे. वेगस एवढ्या मोठ्यानं हसला की रेक्टर बघतच राहिले.

दुसऱ्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा त्याला बसवेना. पांढरा झगा सावरत तो या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत जात होता. कोंबड्यांचे झाप, भाजीच्या रिकाम्या पाट्या, थळच्या कोळणी, त्यांतली एक म्हणाली, "पादरी, जरा टेका. लाँच तुमच्या चालन्यानं लवकर न्हाय पोचायची." तो टेकला आणि पुन्हा उठला. एकदा वाटे, मनुआयला काही विचारायचंच नाही. तिला आठवत नसेल. ती ऐंशीच्या घरात. तिच्याबरोबर तो उरलेला तुकडा जाईल आणि कुणाला कळणार नाही. लगेच वाटे, मला कळेल. मिस्सेच्या वेळी भाकर वर उचलली की टाळू गार पडेल. मग वाटे, गुपचूप मुंबईच्या मोठ्या बिशपसाहेबांच्या पायाशी जावं, बंद दाराआड सगळं पुन्हा करून घ्यावं, कुणाला सुगावा नको. तसं होऊ शकत होतं, नियमात बसत होतं. पण त्या सगळ्यांच्या वर, लाटेवरच्या फेसासारखं, एकच तरंगत होतं: जर खरंच पाणी पडलं नसेल, तर ते अजून पडायचं आहे. बावन्नाव्या वर्षी. ज्याची इतरांना आठवण नसते ते मला जागेपणी मिळणार आहे. हे मनात आलं की त्याला घाम फुटे आणि गुदगुल्या होत.

आणि आई. टांगा अलिबाग सोडून चौलच्या वाडीतून, पोफळींच्या गारव्यातून चालला तेव्हा मनात आई आली. मानमोडीच्या तापातच गेली ती. तो मुंबईहून धावत आला होता, डोळे न मिटता; तिनं त्याला ओळखलं आणि पोराला ओळखल्यासारखं न बघता पाद्रीला बघतात तसं बघितलं. हात जोडले. त्यांच्या वाडीची बोली वेगळी, पोर्तुगीज शिपायांनी मागं टाकलेली, बाहेर कुणाला न कळणारी; त्या बोलीत तिनं आपल्या लेकापाशी आपली पापं सांगितली. केवढाली पापं. शेजारणीच्या कोंबडीला दगड मारला. एका रविवारी ओहोटी होती म्हणून शिंपल्या काढायला गेले, मिस्सा चुकली. आणि एक तुझ्या बापाबद्दलचं. त्यानं हात उचलून क्षमा केली होती आणि तिच्या कपाळावर तेलाचं बोट ओढलं होतं. तिचा चेहरा सैल पडला होता, गाठ सुटल्यासारखा. ती गाठ मग कुणी सोडवली? टांग्याच्या चाकाखाली नारळाच्या कवट्या कडकड फुटत होत्या आणि तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला, "सुटली होती. मी पाहिली." टांगेवाल्यानं मागं वळून विचारलं, "काय सुटलं, फादर? वळकटी?"

रेवदंड्याच्या बंदरावर हिरामण होडीवाला होता. लहानपणी दोघांनी याच खाडीत खेकडे धरले होते. आता हिरामणच्या मिशा पांढऱ्या, दंड मात्र तसेच. "ये, सायेब," तो म्हणाला, "आमची होडी बाटव." होडी मधोमध आली, पलीकडं किल्ल्याचा डोंगर पाण्यात लांबलचक पडलेला. वल्हं मारता मारता हिरामण म्हणाला, "इनास, एक सांग. बिशोप म्हंजे कलेक्टराच्या वर का खाली?"

"बाजूला."

"आनि पगार?"

"पगार नाही."

"मंग काय रं कामाचं," हिरामण म्हणाला. "वाडीनं तर बँड बोलावलाय अलिबागचा. झावळ्यांची कमान घातलीया. माजा नातू कालपासून सांगतो, आमच्या इनासबाबाला सोन्याची काठी मिलनार. काठी तरी खरी ना?"

"खरी," वेगस म्हणाला. मग त्यानं हात पाण्यात सोडला. थंड, खारं पाणी बोटांतून वाहू लागलं. समुद्राचंही चाललं असतं. ज्या झोपडीत तो जन्मला तिथून भरतीची रेघ चाळीस पावलांवर होती. चाळीस पावलं गेली असती बिचारी, ओंजळ भरून आणली असती, तर आज काही राहिलं नसतं विचारायचं. "हिरामण, कमानीकडं नको. आधी मनुआयकडं लाव."

"मंग बँडवाले बोंबलतील."

"बोंबलू देत. त्यांना पगार आहे."

मनुआय ओटीवर बसली होती, पाय सरळ सोडून, सुकत घातलेल्या बोंबलांची कावळ्यांपासून राखण करत, पण डोळ्यांनी नव्हे. दोन्ही बुबुळांवर दुधाळ साय धरली होती. काठी आपटून ती अंदाजानं हाकलत होती. सून राही बाहेर आली, पदर सावरून म्हणाली, "आत्ये, कोन आलंय वलखा." म्हातारीनं हात पुढं केला. तो वाकला, गुडघ्यांवर बसला, आणि तिचा तळवा त्याच्या डोक्यावर उतरला. केस विरळ झालेले, मधे टक्कल. बोटं चाचपत नेमकी तिथं थांबली. "इनास," ती म्हणाली. "टालू अजून मऊच हाय तुजी."

 सगळी वाट तो प्रश्न घोळवत आला होता: सरळ विचारावं, आडून विचारावं, ओवी म्हणायला लावावी. आता तिच्या तळव्याखाली त्याला कळलं, की विचारणं म्हणजे तिला सांगणं. या बाईनं आयुष्यभर गावभर सांगितलं असेल, तो माझ्या हातचा. तिच्या हातून काय राहिलं ते मी तिला या वयात सांगू? म्हणून तो इकडचं तिकडचं बोलू लागला, फार भरभर, बोंबील कसे, राहीची पोरं काय करतात, मुंबईत पाव किती महागला. राहीनं चहा आणला. म्हातारी ऐकत होती, पण हात काढत नव्हती.

"राही म्हनते तुला उंच टोपी घालनार," ती मधेच म्हणाली.

"हो. दोन टोकांची."

"म्हंजे टालू झाकनार." तिनं उसासा सोडला. "राही, जरा कावले बग तिकडं." राही काठी घेऊन वाळवणाकडं गेली. मनुआय सरकून त्याच्याजवळ आली. तोंडाला तंबाखूचा वास. "तर मंग आताच सांगाया पायजे. माडायेवडा झालास बाबा. तुमी लोक पापं सांगता ना पादरीला, तशी मी सांगते. मी तुमच्यातली न्हाय, तरी ऐक."

"ऐकतो, आय."

"मी चोरी केली तुज्या पायी. देवाची चोरी." तिचा आवाज बारीक झाला, तरुण झाला. "चैतातली दुपार. तुजा बाप दर्यावं. तुजी आय निपचित. तू आलास तो निला निला, शेवालावानी, रडना न्हाय का हलना. पाद्रीबाबांनी शिकवलेलं माज्या ध्यानात, पोर जायला लागलं का पानी घाल नि नाव घे. पन हंडा रिता. घागर रिती. इहीर वैशाखाच्या आधीच खारी झालेली, गोडं पानी आनाया बाया टेकडीमागं गेल्या, त्या काय येताव. दर्या होता रं समोर. पन मेल्या जीवाच्या मऊ टालूवं खारं पानी? जखमेवं मीठ घालतेस काय मने, असं झालं मला. आनि माज्या घरचं पानी मी आगरीन, तुमच्या देवाला चालंल का न्हाय. मंग तुमच्या देवलाच्या भिंतीचा ठेंगना माड दिसला. कुनाचा हात न लागलेलं, देवानं वरच्या वर भरलेलं. त्यापरीस सोवलं पानी कंचं? तोडलं शहालं, कोयत्यानं छाटलं, नि तुज्या डोस्क्यावं धार धरली. सगलं बोल बोलले, बापाच्या, पुत्राच्या, सगलं. शेवटला बोल नि तू रडलास. येवडा रडलास का तुजी आय जागी झाली."

वेगसचे डोळे मिटले होते. टाळूवरून काहीतरी वाहत होतं, कपाळावर, कानामागं.

"पन त्या माडाचं नारल देवाच्या दिव्याच्या तेलाला राखलेलं," ती म्हणाली. "कुनी हात लावायचा न्हाय. पाद्रीबाबा आले नि इचारलं, मनू, इहिरीचं पानी घातलंस? मी म्हनले व्हय. घाबरले. मला वाडीत पाय ठेवू न्हाय दिला असता, मंग तुज्या आयला कोन बगनार, तुला कोन बगनार? तवापासून गप. देवाच्या दिव्याचं तेल तुज्या डोस्क्यावं ओतलं मी. आता तू मोटा बिशोप, तू म्हन, माफ केलं."

अंगणात राही काठी आपटत होती. पलीकडून, चर्चच्या बाजूनं, बँडवाल्यांनी पिपाणी लावून बघितली, एकच लांब सूर. त्याला हसू आलं आणि ते हसू छातीतून गेलं तर रडू होऊन बाहेर पडलं, मग पुन्हा हसू. ज्या गोष्टीनं त्याचं सगळं आयुष्य पालथं पडलं होतं तिचा हिला पत्ताच नव्हता. ती पन्नास वर्षं एका नारळासाठी झुरत होती. आणि तिच्या दुधाळ डोळ्यांकडं बघताना त्याला वाटलं, की ही बाई समोरचा समुद्र सोडून दयेपर्यंत गेली, आणि मी अकरा वर्षं पाण्याची यादी शिकवली. पण यादी खोटी नव्हती. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही एकाच डोक्यात मावत होतं, घट्ट, ठणकत, आनंदानं फुटायला आल्यासारखं. तिला माफ करायचा अधिकार त्याच्याकडं नव्हता. त्यानं तिचा हात धरून आपल्या तोंडाशी नेला.

"त्या रडण्यानं मी जगलो, आय. त्यात पाप कुठलं?"

"तरी नारल देवाचा," ती हट्टानं म्हणाली. मागं चाचपून तिनं कोपऱ्यातून एक शहाळं ओढलं, हिरवंगार, सकाळीच उतरवलेलं. ते आधीपासून तयार होतं. "हे नेऊन दे देवलात. बोलू नको कुनी दिलं."

"आणि ओवी? पुरी कर."

ती लाजली. ऐंशी वर्षांची बाई पदर तोंडाला लावून लाजली, आणि मग त्याच्या टाळूवर हात ठेवून कुजबुजल्यासारखं गायली, "घागर पालथी, हंडा पालथा दारी, न्हाला माझा कारभारी, माडाच्या पान्ह्यानं."

वाटेत त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. वाळूतून शहाळं पोटाशी धरून तो चालला तेव्हा पावलं आपोआप भरभर पडू लागली, झगा पायांत अडकू लागला, तो त्यानं चक्क उचलून धरला. इथंच तो माडाशी उंची जुळवायला पळायचा. ठेंगणा माड आता नव्हता, त्याच्या जागी भिंतीला खड्डा आणि खड्ड्यात कर्दळ. कमानीखाली सगळी वाडी उभी होती, ठेवणीतली लुगडी, डोक्यात अबोली. बँडनं त्याला बघताच वाजवायला सुरुवात केली आणि चालीचा विचार न करता ढोलवाला पुढं निघून गेला. पोरं धावत आली. हिरामणचा नातू त्याच्या हातांत काठी शोधत होता. त्या चेहऱ्यांवर एवढा उजेड होता की क्षणभर तो थबकला. हे सगळे माझ्या एका वाक्यानं विझतील. बंद दाराआडही होऊ शकतं. आज जेवून घ्यावं, फुलं घ्यावीत, उद्या मुंबईला जाऊन. हे त्याला ऐकू आलं, स्वच्छ, शहाणं. पण भरती चढत होती. दगडी पायऱ्यांशी खाडीचं पाणी चपाचप लागत होतं, आणि त्याच्या डोक्याची ती एवढीशी जागा आता गार नव्हती, तहानली होती.

वाडीच्या चर्चचे पाद्री, व्हिकर फादर कायतान, गोव्याचे, तिशीतले, पुस्तकी मराठी बोलणारे. ते लगबगीनं पायऱ्या उतरले, गुडघा टेकला आणि हाताचं चुंबन घ्यायला वाकले. वेगसनं हात मागं घेतला. त्यांच्या ओंजळीत शहाळं ठेवलं. बँड आपोआप थांबला, आधी पिपाणी, मग ढोल.

"हे देवाच्या दिव्यासाठी," तो म्हणाला. "जुनं देणं आहे."

"आणि आपल्याला काय आणू, बिशपसाहेब?" कायतान गोंधळून म्हणाले. "थोडं सरबत? आपण दमला आहात."

"बिशपसाहेब म्हणू नका. फादरही म्हणू नका." आवाज त्याला अनोळखी वाटला, पोरासारखा, धावून आलेल्या पोरासारखा, आणि कमानीखालच्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोचला. "माझा बाप्तिस्मा अजून झालेला नाही, फादर कायतान. एक घागर पाणी आणा. विहिरीचं."